वाटाणे, मणी आणि लॅपटॉप: डीएनएतला मोटिफ कसा झिजतो ते घरी कसं बघायचं (माणूस आणि चिंपांझी)

माझी भाची यंदा बारावी सायन्सला आहे, रविवारी लालबागला आमच्याकडे येते आणि येताना बिल्डिंगमधली अजून दोघं-तिघं पोरं घेऊन येते. पुस्तकात क्रॉसिंग ओव्हरचं एक चित्र असतं, दोन क्रोमोसोम एकमेकांवर पडलेत, तुकडे अदलाबदल झालेत, आणि पुढे काही नाही. तर ती म्हणाली, "मावशी, माणूस आणि चिंपांझीचा डीएनए जवळजवळ ९९ टक्के सारखा, मग ही अदलाबदल पण दोघांच्यात त्याच जागी होत असणार ना?" इतका सरळ प्रश्न, आणि उत्तर आहे नाही, होत नाही, आणि का होत नाही हे शोधायला शास्त्रज्ञांना २००५ ते २०१० अशी वर्षं लागली. मला हा विषय इतका आवडतो की तोंडी सांगून भागलं नाही, आम्ही चार रविवार लावून तो हाताने करून बघितला. तेच इथे लिहितेय, ज्यांना घरी मुलांबरोबर करायचंय त्यांच्यासाठी. सामान म्हणाल तर वाटाणे, मणी, दोरा, साप-शिडीचा एक फासा, वही आणि नेट असलेला कुठलाही लॅपटॉप.

आधी एकदा गोष्ट नीट डोक्यात बसवून घ्या, नाहीतर नुसते मणी ओवले जातात. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत क्रोमोसोमच्या जोड्या असतात, जोडीतला एक आईकडून आलेला, एक बाबांकडून. अंडपेशी किंवा शुक्रपेशी तयार होताना हे दोघं शेजारी-शेजारी लागतात आणि मध्येच काही ठिकाणी एकाचा पुढचा भाग दुसऱ्याला जोडला जातो. हे रिकॉम्बिनेशन. मुंबईतल्या मुलांना मी हे लोकलने समजावते. गाडी स्लो ट्रॅकवरून फास्टवर जाते तेव्हा ती कुठूनही उडी मारत नाही, जिथे सांधा आहे तिथूनच जाते, आणि तिथे डब्याला तो ओळखीचा हिसका बसतो. डीएनएत पण सांधे ठरलेले आहेत. शुक्रपेशी बनताना सगळ्या क्रोमोसोमवर मिळून साधारण २५-२६ ठिकाणी गाडी ट्रॅक बदलते, अंडपेशीत चाळीसच्या आसपास, पण या जागा कुठेही नसतात, बहुतेक वेळा त्या एक-दोन हजार अक्षरांच्या (डीएनएची अक्षरं चारच, ए, सी, जी, टी) छोट्या पट्ट्यात पडतात आणि त्या पट्ट्यांना हॉटस्पॉट म्हणतात. (मोबाईलचा हॉटस्पॉट डोक्यातून काढा, मुलांचा पहिला गोंधळ तिथेच होतो.) २००५ मध्ये सायमन मायर्स या शास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या जीनोममध्ये, म्हणजे सगळ्या डीएनएत मिळून, असे २५ हजारांच्या वर हॉटस्पॉट दाखवले.

आता सांध्यावर काहीतरी खूण पाहिजे ना, की इथे गाडी वळवा. तीच खूण म्हणजे मोटिफ, अक्षरांचा एक छोटा ठरलेला साचा. २००८ मध्ये तेरा अक्षरांचा मोटिफ सापडला आणि माणसाच्या साधारण ४० टक्के हॉटस्पॉटमागे तो आहे असं दिसलं. वहीत मोठ्या अक्षरात लिहून घ्या: सी सी एन सी सी एन टी एन एन सी सी एन सी. यात एन म्हणजे "इथे कुठलंही अक्षर चालेल". म्हणजे तेरा जागांपैकी आठ पक्क्या, पाच मोकळ्या. हे आठ आणि पाच लक्षात ठेवा, पुढे हिशेबाला लागतील.

पहिला रविवार मण्यांचा. भुलेश्वरला रंगीत मणी वजनावर मिळतात, थोडे-थोडे पाच रंगांचे आणा, मध्यम जाडीचा दोरा घ्या. सीला लाल, टीला निळा, जीला हिरवा, एला पिवळा, आणि मोकळ्या जागांसाठी पांढरा. दोन माळा करायच्या. पहिल्यात वरचा मोटिफ जसाच्या तसा, आणि दोन्ही बाजूंना आठ-दहा कुठलेही मणी. दुसरी माळ अगदी तशीच, फक्त मोटिफच्या मधल्या टीच्या जागी निळ्याऐवजी पिवळा मणी, म्हणजे एक अक्षर बदललं, खूण बिघडली. ही आई-बाबांकडून आलेली दोन क्रोमोसोम.

आता कात्री घ्या आणि कापायची कुठली माळ? इथेच सगळा विषय आहे म्हणून थांबा आणि मुलांना विचारा. बहुतेक मुलं म्हणतात बिघडलेली कापायची. नाही. खूण वाचणारं जे प्रोटीन आहे ते शाबूत खुणेवरच बसतं, आणि मग एसपीओ११ नावाचं दुसरं प्रोटीन तिथे त्याच क्रोमोसोमच्या डीएनएचे दोन्ही धागे तोडतं. म्हणजे जिच्यावर चांगली खूण आहे तीच माळ तुटते. तोडा खरोखर, मधल्या निळ्या मण्याच्या आजूबाजूला, आणि दोन्ही टोकांकडचे चार-पाच मणी सांडू द्या, कारण खऱ्या डीएनएत पण तुटलेली टोकं कुरतडली जातात. आता दुरुस्ती. दुरुस्तीला नमुना कुठून आणणार? शेजारी लागलेल्या दुसऱ्या क्रोमोसोमवरून. तर दुसरी माळ बघून तिच्यासारखेच मणी ओवा. झालं? बघा आता मधे कुठला मणी आला. पिवळा. जी माळ चांगली होती तिनेच आपली खूण घालवली आणि शेजारणीची बिघडलेली खूण उतरवून घेतली. आमच्याकडे भाचीने माळ हातात धरून बघितली आणि तिला काही सांगावं लागलं नाही. याला जीन कन्व्हर्जन म्हणतात आणि पुस्तकात दहा वेळा वाचून जे होत नाही ते त्या एका पिवळ्या मण्याने झालं.

हे नुसतं खेळातलं नाही. डीएनए फिंगरप्रिंटिंग शोधणारे अॅलेक जेफ्रीज आणि त्यांच्या सहकारी रिटा न्यूमन यांनी २००२ मध्ये पुरुषांच्या शुक्रपेशी तपासून एका हॉटस्पॉटवर हेच दाखवलं. एका अक्षराच्या फरकाने ज्या क्रोमोसोमवर तुटणं कमी होतं, त्याचं अक्षर पुढच्या पिढीत अर्ध्यापेक्षा जास्त वेळा जात होतं. मेंडेलचा निम्मा-निम्मा नियम तिथे मोडतो.

दुसरा रविवार वाटाण्यांचा. एका पेशीत काय होतं ते कळलं, पण अख्ख्या जमातीत काय होईल? यासाठी काळे वाटाणे नऊ, पांढरे वाटाणे तीन, आणि आत न दिसणारा स्टीलचा डबा. काळा म्हणजे शाबूत खूण, पांढरा म्हणजे बिघडलेली. पहिल्यांदा मी राजमा आणि वाटाणे घेतले होते, आणि मुलांचा हात नकळत आकार ओळखत होता, निकाल सगळे वाकडे येत होते, म्हणून दोन्ही वाटाणेच घ्या, सारख्या मापाचे, आणि कोरडे.

डोळे मिटून दोन काढायचे. दोन्ही काळे किंवा दोन्ही पांढरे आले तर परत टाका, काही नाही. एक काळा एक पांढरा आला तर फासा टाका. १ ते ४ पडलं तर काळा बाजूला ठेवून त्याच्या जागी पांढरा टाकायचा, ५ किंवा ६ पडलं तर पांढऱ्याच्या जागी काळा. डबा हलवा, परत काढा. सगळे एका रंगाचे होईपर्यंत. एका डावाला सरासरी साठ-सत्तर वेळा हात घालावा लागतो, अर्धा-पाऊण तास धरा, चहा आधीच करून ठेवा. आणि मग दुसरा डाव वेगळ्या नियमाने: १ ते ३ काळ्याच्या विरुद्ध, ४ ते ६ पांढऱ्याच्या विरुद्ध, म्हणजे कुणाचीच बाजू नाही.

गणित आवडणाऱ्या मुलाला हे कागदावर सोडवायला द्या, छान गणित आहे. समान नियमात तीन पांढऱ्यांनी सुरुवात केली तर पांढरे जिंकण्याची शक्यता बारात तीन, म्हणजे ४ पैकी १ डाव. पण फासा थोडा झुकवला की तीच शक्यता ८ पैकी ७ होते. सुरुवातीला पांढरे एक चतुर्थांशच होते, तरी. खऱ्या आयुष्यात फासा इतका झुकलेला नसतो, एका पिढीत झुकाव अगदी बारीक असतो, आणि नवीन बदललेली अक्षरं बहुतेक वेळा नशिबानेच नाहीशी होतात, पण हजारो पिढ्या आणि हजारो सांधे असले की बारीक झुकावसुद्धा पुरतो.

इथे भाचीने जो प्रश्न विचारला तोच १९९७ मध्ये रोझमेरी रेडफील्ड आणि सहकाऱ्यांनी लिहून मांडला होता आणि त्याला हॉटस्पॉट पॅराडॉक्स म्हणतात: जर वापरला की सांधा झिजतो, तर आत्तापर्यंत सगळे सांधे संपायला हवे होते, मग अजून हजारो कसे आहेत? मुलांना लगेच उत्तर देऊ नका. दोन आठवडे राहू दे.

तिसऱ्या रविवारी लॅपटॉप उघडा. इथे मी जरा जास्त सांगणार आहे कारण इथे चुका होतात आणि त्या चुका दिसत नाहीत, कोड चालतो, आकडा येतो, आणि आकडा चुकीचा असतो.

माणसाचा आणि चिंपांझीचा जीनोम यूसीएससी जीनोम ब्राउझर या वेबसाईटवर फुकट आहे. यूसीएससी म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, सांताक्रूझ, आपल्या वेस्टर्न लाईनचं सांताक्रूझ नाही. माणसासाठी एचजी३८ आणि चिंपांझीसाठी पॅनट्रो६ ही आवृत्ती घ्या. पूर्ण जीनोम उतरवायचा नसेल (तो दाबलेल्या फाईलमध्येही जीबीच्या आसपास जातो) तर माणसाचा नुसता २१ नंबरचा क्रोमोसोम घ्या, सगळ्यात छोट्यांपैकी आहे, मोबाईल डेटावर पण उतरतो. फाईल उघडली की घाबरू नका, सुरुवातीची ५० लाख अक्षरं नुसते एन एन एन आहेत. हा एन मोटिफमधला "काहीही चालेल" नाही, हा "इथलं अक्षर वाचता आलेलं नाही" असा एन आहे. दोन वेगळे अर्थ, एकच अक्षर, आणि म्हणून पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत शोधाचा साचा लिहिताना मोकळ्या जागी नुसता ठिपका देऊ नका, चार अक्षरांचा चौकोनी कंस द्या.

पुढची गोष्ट, फाईलमध्ये प्रत्येक ओळीत ५० अक्षरं असतात आणि ओळ तुटते. मोटिफ अर्धा या ओळीत अर्धा पुढच्या ओळीत असला तर शोधात सापडणारच नाही. म्हणून पहिली नावाची ओळ काढून टाका आणि बाकी सगळ्या ओळी जोडून एकच लांब ओळ करा. आणि तिसरी, जी मला स्वतःला नडली: या फाईलमध्ये काही अक्षरं कॅपिटल आणि काही स्मॉल असतात. स्मॉल म्हणजे तो भाग जीनोममध्ये पुन्हा पुन्हा येणारा, रिपीट आहे. मी पहिल्यांदा नुसते कॅपिटल शोधले, आकडा आला, वहीत लिहिला, मुलांना सांगितलापण, आणि रात्री झोपताना लक्षात आलं की आपला मोटिफ तर खास करून रिपीटमध्येच बघायचा आहे आणि तोच भाग मी टाकून दिला. दुसऱ्या दिवशी मुलांना परत बोलावून आकडा खोडला. तर आधी सगळी अक्षरं कॅपिटल करा, मग शोधा.

आणि डीएनएला दोन धागे आहेत हे विसरू नका. समोरच्या धाग्यावरचा मोटिफ आपल्या फाईलमध्ये उलटा आणि जोडीदार अक्षरांनी दिसतो: जी एन जी जी एन एन ए एन जी जी एन जी जी. हा पण मोजायचा. मुलांना हा उलटा साचा स्वतः काढायला लावा, वहीत सी खाली जी, टी खाली ए, आणि मग उजवीकडून डावीकडे वाचायचं. शिवाय दोन मोटिफ एकमेकांवर चढलेले असू शकतात, तर पायथनचा साधा शोध पहिला सापडला की त्याच्या पुढून सुरू करतो आणि चढलेला दुसरा सुटतो, त्यासाठी लुकअहेड (जागेवरूनच पुढे डोकावणारा शोध) वापरा.

आकडा आला की लगेच त्याला अर्थ देऊ नका. आधी नुसत्या योगायोगाने किती यायला हवेत ते काढा. आठ पक्क्या जागा, प्रत्येक जागी चार शक्यता, म्हणजे चाराचा आठवा घात, ६५,५३६. चारही अक्षरं सारख्या प्रमाणात धरली तर एका धाग्यावर दर ६५,५३६ अक्षरांमागे एक. २१ नंबरमध्ये वाचलेली अक्षरं चार कोटींच्या आसपास, दोन धागे, तर बाराशेच्या आसपास योगायोगानेच. (खरं तर आपल्या जीनोममध्ये सी आणि जी कमी असतात, मुलांना ते प्रमाण मोजून हिशेब परत करायला सांगा.) अख्ख्या जीनोममध्ये हा साचा हॉटस्पॉटच्या संख्येपेक्षा कितीतरी जास्त ठिकाणी सापडतो, म्हणजे मोटिफची पाटी लावली म्हणजे गाडी वळलीच असं नाही, आजूबाजूचं पण काहीतरी लागतं.

मग चिंपांझीतले मोजू, वजाबाकी करू, झालं? असं बऱ्याच जणांना वाटतं आणि मलाही वाटलं होतं. नाही चालत. एकतर दोन्ही जीनोम वेगवेगळ्या दर्जाने जोडलेले आहेत, एकात जास्त वाचलं गेलंय दुसऱ्यात कमी, नुसत्या बेरजेतला फरक त्यामुळे पण पडतो. आणि मुख्य म्हणजे एखाद्या जागी चिंपांझीत मोटिफ आहे आणि माणसात नाही, तर माणसाने घालवला की चिंपांझीने नव्याने मिळवला? दोघांना विचारून कळणार नाही, तिसरा साक्षीदार लागतो. तो म्हणजे ओरँगउटान किंवा मकाक माकड, जे आपल्या दोघांच्या आधीच वेगळे झाले. तिसऱ्याकडे मोटिफ असेल तर जुन्या पूर्वजाकडे पण होता असं धरायचं, आणि ज्याच्याकडे नाही त्याने घालवला. गोरिला एकट्यावर विसंबू नका, तो इतका जवळचा आहे की जीनोमच्या साधारण ३० टक्के भागात नातं वेगळंच दिसतं, कुठे माणूस गोरिलाच्या जास्त जवळ तर कुठे चिंपांझी गोरिलाच्या जवळ.

अजून एक जुन्या लेखांमधला घोळ: माणसाचा २१ म्हणजे जुन्या क्रमांकाप्रमाणे चिंपांझीचा २२ होता, आता नावं जुळवून घेतलीत आणि तोही २१ च आहे. आणि आपला २ नंबरचा चिंपांझीत दोन तुकड्यांत आहे, २ए आणि २बी, कारण आपल्या पूर्वजांत ते दोन जोडले गेले.

आता हाताने करायचं काम, मला सगळ्यात आवडतं ते. ब्राउझरवर माणसाचा जीनोम उघडा, रिपीट दाखवणारी रिपीटमास्करची पट्टी चालू करा आणि त्यात टीएचई१बी नावाचे तुकडे शोधा. हे जुन्या उड्या मारणाऱ्या डीएनएचे अवशेष आहेत, माणूस आणि चिंपांझी वेगळे व्हायच्या कितीतरी आधी माकडांच्या पूर्वजात घुसलेले, म्हणून दोघांत त्याच जागी तेच तुकडे सापडतात. एकाच गोष्टीच्या हजारो प्रती जीनोमभर विखुरलेल्या, काहींत मोटिफ शाबूत, काहींत एक अक्षर बिघडलेलं. निसर्गाने प्रयोग मांडूनच ठेवलाय. या तुकड्यांत मोटिफचं खास रूप असतं, सी सी टी सी सी सी टी एन एन सी सी ए सी, वरच्या साच्यात बरोबर बसतं, पडताळून बघा.

एका तुकड्यावर जा, अक्षरं दिसेपर्यंत झूम करा, आणि खाली कॉन्झर्व्हेशनच्या पट्टीत चिंपांझी, गोरिला, ओरँगउटान, मकाक यांच्या ओळी चालू करा. सगळ्यांची अक्षरं एकाखाली एक येतात. तुकडा उलट्या धाग्यावर असेल तर चित्राखाली रिव्हर्सचं बटण आहे, ते दाबा म्हणजे डोकं फिरत नाही. वहीत जागा, माणूस, चिंपांझी, ओरँगउटान, मकाक असे रकाने आखा आणि आहे किंवा नाही एवढंच लिहा. आम्ही तिघांनी वाटून घेऊन एका दुपारी तीसेक तुकडे केले. एवढ्यावर काही सिद्ध होत नाही हे मुलांना स्पष्ट सांगा, तीस तुकडे म्हणजे दादरच्या पुलावर पाच मिनिटं उभं राहून अख्ख्या मुंबईची गर्दी सांगण्यासारखं. पण कसं मोजतात ते बोटांना कळतं.

ज्यांना कोड येतो त्यांनी हेच मल्टिझ अलाइनमेंटच्या (अनेक प्राण्यांचे जीनोम एकाखाली एक जुळवलेल्या) फाईल घेऊन अख्ख्या जीनोमवर करावं, आणि एक तुलनेचा मोटिफ जरूर ठेवावा: तीच आठ अक्षरं, तेवढेच एन, पण क्रम विस्कटलेला. याचं कारण असं की काही अक्षरं तशीही लवकर बदलतात, सीच्या पुढे जी आला की तो सी टी व्हायला टपलेलाच असतो. विस्कटलेल्या मोटिफमध्ये माणसाचं आणि चिंपांझीचं नुकसान सारखं आलं आणि खऱ्या मोटिफमध्ये माणसाचं जास्त आलं, तरच म्हणा की हे हॉटस्पॉटच्या झिजण्यामुळे.

आणि २०१० मध्ये मायर्स आणि सहकाऱ्यांनी अख्ख्या जीनोमवर बघितलं तेव्हा तसंच आलं. माणसाच्या वंशात हा मोटिफ जास्त वेगाने नाहीसा झालाय, चिंपांझीच्या वंशात तसं नाही. हे वाक्य मुलांना दोनदा वाचायला द्या. चिंपांझीकडे हीच पाटी जास्त शाबूत आहे कारण तिथे ती कुणी वाचतच नाही, त्यांची गाडी तिथे वळत नाही, म्हणून तिथली माळ तुटत नाही आणि पिवळा मणी शिरत नाही. आपण वापरतो म्हणून आपण घालवतोय. भाचीच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर पण हेच. २०१२ मध्ये अॅडम ऑटन आणि सहकाऱ्यांनी पश्चिम आफ्रिकेतल्या उपजातीच्या दहा चिंपांझींचे जीनोम वाचून त्यांचा नकाशा काढला, तर लाखो-कोटी अक्षरांच्या मोठ्या पट्ट्यात बघितलं तर दोघांचं प्रमाण बऱ्यापैकी मिळतंजुळतं, पण हॉटस्पॉट एक-एक करून बघितले तर सामायिक असे निघालेच नाहीत.

चौथा रविवार पाटी वाचणाऱ्याचा, कारण दोन आठवडे ठेवलेल्या कोड्याचं उत्तर तिथे आहे. पाटी वाचणाऱ्या प्रोटीनचं नाव पीआरडीएम९. २०१० च्या सुरुवातीला सायन्स नियतकालिकात तीन वेगवेगळ्या गटांनी, ऑक्सफर्ड, फ्रान्सचं मॉन्पेलिए आणि अमेरिकेतली जॅक्सन लॅबोरेटरी, एकाच वेळी हे नाव मांडलं. मला त्याबद्दल वाचलेला दिवस अजून आठवतो. हे प्रोटीन जस्ताचे अणू धरलेल्या बोटांच्या रांगेने डीएनए चाचपतं, झिंक फिंगर म्हणतात त्यांना, एक बोट साधारण तीन अक्षरं वाचतं. जमातीत पाटी झिजत जाते, पण मधेच कधीतरी बोटांमध्ये बदल होतो आणि नवीन प्रोटीन वेगळीच पाटी वाचायला लागतं, जी जीनोमभर कोरी पडलेली असते. सांधेवाला बदलला की सगळे सांधे एका झटक्यात बदलतात. मग नव्या पाट्यांची झीज सुरू. आणि हे माणसामाणसांत पण वेगळं असतं, युरोपीय वंशाच्या बहुतेकांकडे या जीनचं ए रूप असतं, आफ्रिकी वंशाच्या लोकांत सी सारखी इतर रूपं बरीच जास्त, आणि सी रूप वेगळा मोटिफ वाचतं. उंदरांत याच जीनच्या न जुळणाऱ्या रूपांमुळे संकरित नर वांझ होतात हे २००९ मध्ये सापडलं, आणि २०१६ मध्ये ऑक्सफर्डच्या गटाने उंदराच्या प्रोटीनला माणसाची बोटं लावली तर ते वांझपण गेलं. कुत्र्यांत तर हा जीन निकामी झालेला आहे आणि त्यांची अदलाबदल जीनच्या सुरुवातीच्या भागांकडे होते, तो वेगळाच विषय आहे, त्यात शिरत नाही.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर यूनिप्रॉट या प्रोटीनच्या वेबसाईटवर माणसाचं पीआरडीएम९ काढा, ८९४ अमिनो अॅसिडचं आहे, एकेकाला एक अक्षर, म्हणून पानभर अक्षरं. ती वर्डमध्ये चिकटवा आणि शोधाच्या चौकटीत इंग्रजीत टी जी ई के पी वाय व्ही टाका. शेवटच्या भागात हा तुकडा पुन्हा पुन्हा येतो. जिथे जिथे येतो तिथे नवीन ओळ करा. करता करता अक्षरं आपोआप एकाखाली एक रांगेत बसतात, प्रत्येक ओळ २८ ची, आणि प्रत्येक ओळ म्हणजे एक बोट. फॉन्ट असा घ्या की प्रत्येक अक्षराला सारखी जागा, कुरियर चालेल. डीएनएत यातल्या एकेकाला तीन अक्षरं लागतात, म्हणून हे २८ म्हणजे ८४ अक्षरं, आणि ८४ चा हाच तुकडा एकामागोमाग इतक्या वेळा आल्यामुळे पेशीच्या मशिनरीची ओळ चुकते, एखादं बोट वाढतं, एखादं गळतं, म्हणून हा जीन इतक्या पटकन बदलतो.

आता प्रत्येक ओळीत जी आर जी एफ शोधा आणि पुढे एच क्यू आर शोधा. या दोघांच्या मधली आठ अक्षरं पेन्सिलने चौकटीत घ्या, प्रिंट काढला असेल तर अजून बरं. चौकटीच्या बाहेर जवळजवळ सगळ्या ओळी सारख्या. चौकटीच्या आत मात्र काही उभ्या रांगा ओळीगणिक बदलतात, आणि डीएनएला टेकणारी अक्षरं तीच. आमच्या प्रिंटवर त्या रांगा भाचीने पिवळ्या हायलायटरने रंगवल्या. मग चिंपांझीचं पीआरडीएम९ शोधून त्याचं पण तसंच करा, दुसरा कागद पहिल्याच्या शेजारी टेकवा, आणि फक्त पिवळ्या रांगा वरून खाली वाचत जा, एक बोट माणसाचं, एक बोट चिंपांझीचं.